दुर्बीण न देण्याबाबत

९ ऑक्टोबर

डॉक्टरबाई,

अक्षर वेगळं पाहून गोंधळू नका. पत्र सरांचंच आहे, हात माझा आहे. जुलैत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय ओढत चालतात आणि उजवा हात आता नुसता शोभेला आहे. चित्रकलेच्या मास्तरांचा उजवा हात. देवाला दुसरा अवयव सापडला नाही. तुमच्या दोन पत्रांना उत्तर गेलं नाही म्हणून ते तळमळत होते, तेव्हा ते सांगतात तसं लिहिते.

"दोन्ही पत्रं मिळाली. तुम्हाला त्या दीर्घिकेची मधली दांडी दिसली हे वाचून दुखणं विसरलो. चित्र पाठवलं नाहीत ते उत्तम केलंत. मी तिचा एकही फोटो आजवर पाहिलेला नाही आणि पाहणार नाही. फोटो पाहिला की डोळा खोटं बोलायला शिकतो. मधोमध ताऱ्यांची सरळ दांडी, तिच्या दोन टोकांतून निघालेले दोन वळणदार हात, हे मी फक्त वाचलंय. माझ्या दुर्बिणीत वीस वर्षं नुसता पुसट डाग दिसतो. तुम्ही दक्षिण गोलार्धात, तुमच्याकडे ती डोक्यावर येते, माझ्याकडे दक्षिणेला शेजारच्या टाकीच्या जेमतेम वर, हा फरक मी धरतो. तरी तुमच्या डोळ्यांचा हेवा वाटतो. आता गच्चीचे जिने माझ्याच्याने होणार नाहीत. दुर्बिणीचं काय करायचं याचा विचार चालू आहे. पुढच्या पत्रात लिहीन."

हे त्यांचं. मी वाचून दाखवलं, त्यांनी मान डोलावली आणि झोपले. कागद उरलाय म्हणून आता चार ओळी माझ्या.

मी त्यांची बायको. आमच्या इमारतीच्या तळाशी माझं औषधांचं दुकान आहे. पोस्टमन तुमची पत्रं तिथेच टाकतो, म्हणजे चार वर्षं ती माझ्याच हातून वर जातायत. फोडली कधी नाहीत. हातात घेतली की कळतं, आत किती पानं आहेत ते. पत्र आलं की हे दुपारचं झोपत नाहीत. संध्याकाळी गुणगुणतात. एवढ्या पानांत माझ्या वाट्याला काय येतं, तर शेवटी "घरी नमस्कार". मी घर.

हेवा हा शब्द त्यांनी माझ्या कुठल्याही गोष्टीबद्दल कधी वापरला नाही. आज तुमच्यासाठी तो मलाच लिहायला लागला.

तुम्ही जनावरांच्या डॉक्टर आहात असं हे सांगतात. दिवसभर गुरांचे डोळे बघून पोट भरत नाही का? घरी कोण कोण असतं? सहज विचारलं. उत्तर द्यायचं असेल तर दुकानाच्या पत्त्यावर, माझ्या नावे द्या.


१ नोव्हेंबर

डॉक्टरबाई,

सरांचं पत्र सरांना दिलं, माझं दुकानात वाचलं. वय मी विचारलं नव्हतं, पण कळवलंत ते बरं झालं. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आणि घरात दोन कुत्री आणि एक लंगडा घोडा. म्हणजे कुणी नाही.

आज गर्दी आहे, म्हणून सरांचा निरोप थोडक्यात देते. प्रकृती ठीक आहे. थंडी सुरू झाली. दुर्बिणीबद्दल म्हणाल, तर आरशाला बुरशी धरली आहे आणि वरचा मुलामा उडाला आहे. वापरण्यासारखा राहिलेला नाही. तेव्हा तो विषय संपला असं समजावं.

तो आरसा आमच्या स्वयंपाकघरात घडला हे त्यांनी तुम्हाला सांगितलं असेलच. काचेवर काच, मधे पाणी आणि वाळूसारखी भुकटी, आणि हे घासत घासत टेबलाभोवती फिरतायत, जणू काही हरवलंय. थंडी गेली, उन्हाळा आला, तरी यांचं घासणं संपेना. जेवताना दाताखाली कच यायची. लेक लहान होती, तिला वाटायचं सगळ्यांचेच बाबा जेवायच्या टेबलाभोवती फिरतात. त्या दिवसापासून मी दुर्बिणीला सवत म्हणते. एकदाही तिच्यात डोळा लावलेला नाही. सवतीच्या डोळ्यात डोळा घालून कोण बघतं?

तुम्ही विचारलंत, "सर लिहायचं थांबतील असं तुम्हाला वाटतं का?" मला काय वाटतं हे मला या घरात कुणी फारसं विचारत नाही, त्यामुळे उत्तर तयार नाही.


२३ नोव्हेंबर

डॉक्टरबाई,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी माल आणायला गेले होते, आणि दुकान बंद बघून पोस्टमनने तुमचं पाकीट थेट वर नेऊन दिलं. चांगुलपणा असा नडतो. त्याचाही आणि तुमचाही. चार पानं लिहिलीत तुम्ही: आरसा कसा सोडवायचा, नळाखाली कसा धरायचा, कापूस कसा फिरवायचा, शेवटी डिस्टिल्ड वॉटर. आणि वर, घाबरू नका, मुलामा नव्याने चढवता येतो, इकडे पाठवा, मी करवून आणते.

मी वर गेले तर हे पत्र मांडीवर घेऊन बसलेले.

"आरशाला बुरशी कधी आली?"

"आली नाही."

"मग त्यांना कोण म्हणालं?"

"तुम्ही. म्हणजे मी."

"आणि मी काय सांगितलं होतं?"

ते काय म्हणाले होते ते आता लिहिते, कारण या वेळी समोर बसून लिहून घेतायत. "दुर्बीण तुम्हाला द्यायची ठरवली आहे. आरसा, नळी, डोळा लावायच्या नेत्रिका, सगळं. कुणाला तरी पाठवून न्या. मला जे दिसलं नाही ते निदान माझ्या आरशातून कुणाला तरी दिसावं." हे मी तुम्हाला कळवलं नव्हतं.

"अगं, वीस वर्षं तूच म्हणतेस, भंगारवाल्याला द्या. आता चांगल्या हाती जातेय तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

"भंगारवाल्याला दिली असतीत तर नसतं दुखलं."

 मग म्हणाले, "तुला काय करायचीय ती?"

"बघेन."

"काय बघशील?"

"दांडी."

ते हसले. जुलैपासून पहिल्यांदा, अर्ध्याच तोंडाने, पण हसले. मला राग आला आणि बरंही वाटलं. कुठलं आधी, ते सांगता यायचं नाही.

एवढं लिहून घेऊन ते आडवे झालेत. आता माझं, स्पष्टच. व्यायाम शिकवायला एक बाई येतात. त्या म्हणतात डाव्या हाताला वळण लावा, लिहा, रंगवा. हे म्हणतात, डावा दात घासायला पुरे. त्यांना परत पाठवतात. दाढी मी करून देते, आरसा मागत नाहीत. जेवण पुढे ठेवलं तर जेवतात. स्वतःहून दिवसाकाठी एकच गोष्ट विचारतात, संध्याकाळी: आभाळ मोकळं आहे का? दुर्बीण गेली की तेवढंही विचारायचं कारण राहणार नाही. मग घरात मी आणि एक भरलेली खुर्ची. त्यांच्याबरोबर मी सवतीला घेऊन सुखाने नांदेन, पण खुर्चीबरोबर मला नांदता येणार नाही.

तेव्हा आमचं ठरलंय ते असं. फेब्रुवारी सरता सरता ती दीर्घिका पलीकडच्या इमारतींमागे जाते. तोवर मला दांडी दिसली तर दुर्बीण इथे राहील. नाही दिसली तर तुमची. आणि मला दिसलेली खरी की खोटी हे कोण ठरवणार? यांना तर दांडी कशी पडलीय ते माहीतच नाही. म्हणाले, "डॉक्टरबाई ठरवतील." चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात ते याला.

बघायचं कसं ते आता तुम्हीच शिकवा. शिकवायचं नसेल तर तसंही कळवा, तुमचा स्वभाव कळेल.


१४ डिसेंबर

डॉक्टरबाई,

शिकवलंत. उलट्या टपालाने आणि मोजून मापून. तुमच्यात खोट काढायला मी ते पत्र दोनदा वाचलं, सापडली नाही.

तुम्ही म्हणता तसं सगळं करते. आधी अर्धा तास अंधारात बसते. विजेरीला लाल कागद बांधलाय. उजेड लागू नये म्हणून डोक्यावरून यांचा काळा कोट घेते. समोरच्या इमारतीतल्या बाई दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या आणि झोपेच्या गोळ्या मागताना माझ्याकडेच निरखून बघत होत्या. डागावर थेट डोळा रोखायचा नाही, जरा बाजूला बघायचं, म्हणजे डाग उजळतो, हेही जमतं. गल्ल्यावर बसून मी तेच करत आलेय, चिठ्ठी वाचत असते आणि लक्ष तिसऱ्याच्या हाताकडे असतं. नळीला हलकी टिचकी मारते, हललेलं डोळ्याला लवकर कळतं म्हणून. सगळं करते आणि दिसतो डाग.

दांडी कुठल्या दिशेला आडवी आहे ते तुम्ही सांगत नाही. सांगितलं तर मी तेच पाहीन म्हणता. आधी वाटलं, बाई आतल्या गाठीची आहे. मग पटलं, आणि पटलं म्हणून आणखी राग आला.

दुर्बीण दोन खेपांत वर नेते, आधी बैठक, मग नळी. हे आमच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि दोन मजले खालून जिन्यातून ओरडतात.

"काय दिसतंय?"

"डाग."

"कसा?"

"डागासारखा."

"मधे उजळ आहे का?"

"जरासा."

"मलाही तसाच दिसायचा."

हे ते किती समाधानाने म्हणतात ते तुम्ही ऐकायला हवं होतं. मी एकदा आरशाला दोष दिला, तर खालून आवाज आला, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळ्या जिन्याने ऐकलं.

काल जेवताना त्यांनी मला डागाबद्दल तीन प्रश्न विचारले. कुठल्या बाजूला लांबट वाटतो, कडा कशी विरते, शेजारी तारा आहे तो दिसला का. तीस वर्षांत माझ्या दुकानाबद्दल तीन प्रश्न विचारलेले मला आठवत नाहीत. उत्तरं देताना मला आतून गोड वाटत होतं. मग लक्षात आलं, तुमच्याशी ते चार वर्षं असेच बोलतायत. मला मिळतंय ते तुमचं उष्टं आहे. त्या घासाची चव गेली आणि मी भांडी जोरात घासली. तुम्हाला ती दीर्घिका डोक्यावर मिळते, मोठी दुर्बीण मिळते, अंधार मिळतो, आणि माझ्या नवऱ्याची पानंच्या पानं मिळतात. एखाद्या बाईला किती द्यावं याला काही माप असतं की नाही.

लेक फोनवर म्हणाली, "आई, थंडीत गच्चीवर काय करतेस तू या वयात?" मी म्हटलं, तुझ्या बाबांना भांडून परत आणतेय.  मी वाक्य कसं बोलून गेले ते मलाही कळलं नाही.


९ जानेवारी

डॉक्टरबाई,

सोबत एक खोका उलगडून पाठवतेय. आतल्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने काढलंय ते चित्र आहे. बाहेरच्या बाजूला खोकल्याच्या औषधाचं नाव आहे, तिकडे लक्ष देऊ नका.

हल्ली मी दुकान आठला बंद करते. गिऱ्हाईकं कुरकुरतात. परवा दिवसभर वारा होता, धूळ सगळी उडून गेली. मी नेहमीसारखी कोटाखाली शिरले. डाग होता. बाजूला बघत राहिले. टिचकी मारली. मग मला जांभई आली, डोळ्यात पाणी आलं, ते पुसून पुन्हा डोळा लावला तेव्हा डाग डाग नव्हता. मधे एक बारीक रेघ होती. थेट पाहिली की जायची, सोडून दिली की यायची. गेली, आली, गेली, आली. मी श्वास धरून बसले. तुम्ही सांगितलं होतं तसं दुर्बिणीला हात न लावता तारे कुठल्या बाजूने बाहेर सरकतात ते पाहिलं, ती पश्चिम म्हणून बाण काढला. रेघ जवळजवळ त्याच दिशेने आडवी आहे, पूर्व-पश्चिम. पश्चिमेकडच्या टोकाला मला एक छोटा बाक वाटला. वाटला म्हणते, नक्की म्हणत नाही.

खालून नेहमीचा आवाज आला, "काय दिसतंय?"

मी म्हटलं, "डाग."

खोटं का बोलले ते सांगते. एक म्हणजे, माझं चुकलं असेल तर त्यांनी आशा धरून पुन्हा मोडायला नको. हे चांगलं कारण. दुसरं असं की त्या क्षणी ती माझी एकटीची होती आणि मला ती कुणाला द्यायची नव्हती. त्यांनाही नाही, तुम्हाला तर नाहीच. इतकी वर्षं मी सवतीला शिव्या घातल्या आणि आता तिच्यातली रेघ पदराखाली झाकून जिना उतरले. असं तुम्हालाही झालं होतं का? झालं असेल तर त्यांना पत्रातून कळवलंत कसं? मला ते जमलं नसतं.

आता तुमची परीक्षा. चित्र बरोबर असेल तर दुर्बीण माझ्या घरी राहते. तुमच्या घरी यायला हवी असेल तर "चूक" एवढा एक शब्द पुरे आहे, आणि तो खोटा होता हे मला मरेपर्यंत कळणार नाही. मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं याचा काल बराच विचार केला. उत्तर आलं ते तुम्हाला कळवण्यासारखं नाही.


५ फेब्रुवारी

डॉक्टरबाई,

तुमचं उत्तर दोन ओळींचं. "बरोबर आहे, दांडी तशीच पडलेली आहे. टोकाचा बाक मला दुसऱ्या वर्षी दिसला होता." दुसऱ्या ओळीतून मला थोडा जळल्याचा वास आला. माझी चूक असेल तर माफ करा. चूक नसेल तर मला फार बरं वाटेल.

तुम्ही खोटं लिहिलं नाहीत. त्यामुळे माझी फार अडचण झाली आहे. तुमच्यावर आता कशाच्या जोरावर चिडायचं?

तुमचं पत्र आणि त्या चित्राची मी ठेवलेली नक्कल यांच्यापुढे नेऊन ठेवली. त्यांनी वाचलं. चित्र जवळ धरून पाहिलं, लांब धरून पाहिलं. जेवण झालं. मग म्हणाले, "त्यांनी तुला आधी सांगितलं असेल."

"नाही सांगितलं."

"मग फोटो पाहिलास कुठेतरी."

डॉक्टरबाई, संसारात माझा इतका अपमान कधी झाला नव्हता, आणि त्या अपमानाने मला इतकं सुख होईल असं वाटलं नव्हतं. ते माझ्यावर जळत होते. माझ्यावर. दुकानात औषध कंपनीचा तो देखणा विक्रेता तास तास बसायचा तेव्हाही हे कधी जळले नाहीत. हेव्याचा चेहरा मी लगेच ओळखते, चार वर्षं रोज आरशात बघतेय.

"मी वीस वर्षं बघतोय," म्हणाले. "तू दोन महिने."

"मग या वर आणि बघा."

 चंद्र मोठा होता, तो आटोपेपर्यंत बोलले नाहीत. परवा संध्याकाळी मी दुकानातून आले तर हे जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेले, कोट मांडीवर. एक पायरी, बसायचं, दुसरी पायरी, बसायचं, असे दोन मजले चढले. मी मागे. हात लावला की खेकसायचे. 

वर त्यांनी डोळा लावला. बराच वेळ गेला.

"डाग," म्हणाले.

"अजून बघा."

"कुठल्या बाजूला शोधू?"

"चित्र पाहिलंत की. पूर्व-पश्चिम."

"ते माहीत असल्यामुळेच माझा विश्वास बसत नाहीये. दिसतंय ते दिसतंय की तुझं चित्र दिसतंय." आणि डोळा न काढता म्हणाले, "माझं वाटोळं केलंस तू."

 खरंच होतं ते. इतकी वर्षं फोटो टाळून त्यांनी जपलेलं मी खोकल्याच्या खोक्यावर काढून त्यांच्यापुढे टाकलं होतं. जिंकण्याच्या घाईत मला ते सुचलंच नाही. मी रडले, कोट त्यांच्या डोक्यावर असल्यामुळे त्यांना दिसलं नाही. मग आतून आवाज आला, "रडू नकोस, नळी हलते." आणि जरा वेळाने, "तो बाक चित्रात तू किती लांब काढलायस? मला त्याच्यापुढेही काहीतरी वाटतंय." मला तिथे काही दिसलं नव्हतं. मी तसं सांगितलं. तेव्हा त्यांनी डोळा काढला, आणि अंधारातही मला कळलं की ते हसतायत, अर्ध्या तोंडाने.

काल सकाळी त्यांनी व्यायामवाल्या बाईंना स्वतः फोन लावला. दुपारी टेबलाशी बसून डाव्या हाताने लिहीत होते. परीक्षेत मुलं झाकतात तसा उजवा हात डाव्याने उचलून कागदापुढे आडवा ठेवला होता, मला दिसू नये म्हणून. मी म्हटलं, "कुणाला?" म्हणाले, "डॉक्टरबाईंना. तू लिहिलंस तर मधे बुरशी येते."

ते पाकीट सोबत आहे. त्यांनी जिभेने ओलं करून चिकटवलं. मी फोडलेलं नाही. उजेडासमोर धरलं होतं, काही कळलं नाही. चार पानं तरी असावीत, आणि त्या हाताने चार पानं लिहायला त्यांना दोन दिवस लागले. म्हणजे सांगायला खूपच काही असणार, आणि मला सांगण्यासारखं नसणार.

दुर्बीण पाठवत नाही, ते कळलंच असेल. जिना चढून आता आम्ही दोघंही जातो आणि एकाच नेत्रिकेवरून भांडतो.

एक काम करा. त्या पाकिटात माझ्याबद्दल वाईट काही लिहिलं असेल तर अक्षरन् अक्षर कळवा, मी उत्तर देईन. चांगलं लिहिलं असेल तर मात्र कळवू नका. ते त्यांनी मला सांगायचं आहे.